फिटनेस

उद्या सोमवार. नायता मुंडला.
व्हॅनचं फिटनेस दहाला, माझी ट्रायल बाराला.
एका खेपेत दोघींचा निकाल,
असं हे म्हणाले, आणि हसले नाहीत.

सकाळपासून नंदानगरच्या गल्लीत
बादली, चिंध्या, डिझेलचा बोळा.
पिवळा रंग मागच्या आठवड्यातच मारलाय.
चेतरामनं अक्षरं काढली, स्कूल व्हॅन,
त्यातला ल जरा खाली घसरलाय.
राहू दे, म्हणाले, अक्षर घसरलं तर नापास करत नाहीत,
हँडब्रेक घसरला तर करतात.

मग विचारलं, चमकपट्टी सरळ आहे ना?
आहे, म्हटलं मी.
तरी बोटं फिरवली पट्टीवरून
आणि डाव्या कोपऱ्यात दोन सूत चढलेली
त्यांना सापडली,
मला दोन डोळ्यांनी सापडली नव्हती.

मार्चमध्ये डॉक्टरनं फॉर्मवर एक ओळ लिहिली.
बावीस वर्षं त्या ओळीत बसली.
तक्त्यावरची अक्षरं यांनी पाठ केली होती,
रेवतीनं आदल्या दिवशी दवाखान्यात जाऊन
वहीत उतरवून आणलेली.
डॉक्टरनं नेमका तक्ता बदलला.
आता मधोमध डाग आहे, कडेकडेनं दिसतं.
रस्ता दिसत नाही, म्हणतात,
रस्त्याची कड दिसते, खांब दिसतात,
उभ्या पोरांची दप्तरं दिसतात.

तेव्हापासून पहाटे पाचला सुपर कॉरिडॉर.
मी चाकावर, हे शेजारी, डोळे मिटून.
गिअर तू टाकू नकोस, तिला मागू दे.
ऐक. आत्ता मागतेय. ऐकलंस?
मला फक्त माझी छाती ऐकू यायची.
जुलैत एकदा खरंच ऐकू आलं.

चिन्हं मी पोळ्या लाटताना पाठ केली.
रेवती समोर कार्ड धरायची.
त्रिकोणी म्हणजे सावध,
चौकोनी म्हणजे माहिती,
गोल म्हणजे हुकूम.
म्हणजे पोळी? तिनं विचारलं.
म्हणजे पोळीच.

अग्निशामक इंदरसिंगच्या मॅजिकमधून उसना आणलाय,
मंगळवारी परत द्यायचा, बुधवारी त्याचं फिटनेस.
पेटीतला कापूस नवा, आयोडीनची तारीख गेलेली.
नऊ वाजता मेडिकलवाला शटर ओढत होता,
त्याच्या शटरखालून बाटली घेतली.

गेटवरचा एजंट मागेच म्हणाला होता,
भाभी, आठचा आकडा कशाला काढता,
दोन हजारांत सरळ रेघ करून देतो.
मी नाही म्हटलं. बाणेदारपणा वगैरे नाही.
दोन हजार टायरांत गेले होते.

संध्याकाळी पुलाच्या चढावर गेलो.
अर्ध्यात थांबायचं, पुन्हा उचलायची,
मागे सरकली की संपलं.
यांनी मागच्या चाकामागे वीट ठेवली.
पहिल्यांदा गाडी विटेवर जाऊन बसली,
दुसऱ्यांदा बंद पडली,
मागून एक रिक्षावाला ओरडला, अरे भिया, कोण चालवतंय?
माझी बायको, हे ओरडले, तुला काय त्रास?
सहाव्या, सातव्या वेळी निघाली.
मग दोनदा निघाली, पुन्हा निघाली.
मी खाली उतरून पाहिलं
तर चाकामागे वीट नव्हती.
हे उभे होते तिथे, पंजे चाकाला लावून,
जणू अडीच टन तळहातांनी थोपणार होते.

वीट कुठे आहे?
सापडत नव्हती, म्हणाले. काळोख झाला ना.
केव्हापासून नाही?
मागच्या तीन खेपांपासून.

मी काही बोलले नाही. आरसा नीट केला,
त्यात मागे यांचा सदरा दिसत होता, घामानं ओला.

उद्या ट्रॅकवर शेजारी साहेब बसतील,
हे जाळीबाहेर, कान देऊन.
वीट डिकीत टाकलीय.
तपासणीच्या यादीत तिचं नाव नाही.